तिसरा ळ

मूर्तीसाहेब आले ते तीन महिन्यांसाठी,
दीपनगरला, नव्या संचाचं पॅनल बसवायला.
राहिले साडेसहा वर्षं.
कोइमतूरच्या कंपनीचा माणूस. शर्टाच्या खिशात टेस्टर,
आणि त्याच खिशात टोपण हरवलेलं शाईचं पेन.
खिशाखाली कायम एक निळं तळं.

मी हेल्पर. लीलाधर फिरके, मुक्काम फेकरी.

पहिल्याच उन्हाळ्यात, सत्तेचाळीस अंशांत,
डबा उघडून म्हटलं, 'साहेब, केयं खा.'
'काय?'
'केयं.'
त्यांनी साल सोललं, हळूच म्हणाले,
'केळं. तुझ्या भाषेत ळ आहे की.'
'पुस्तकात आहे, साहेब. आमच्या तोंडात नही.
आमचा डोया, आमची शाया, आमचं कायं मांजर.'

साहेब इतके हसले
की शिफ्ट इनचार्ज खुर्चीतून उठला.
म्हणाले, आमच्याकडे तीन आहेत.
एक ल, एक ळ, आणि तिसरा:
जीभ मागे न्यायची आणि कुठेच टेकवायची नाही,
परक्या घरात पाहुणा उभा राहतो तशी.
केळ्याच्या नावात तो दोनदा येतो.
आणि मद्रासचा रिक्षावाला काय करतो?
तुझंच करतो. य म्हणतो. वायप्पयम!
हजारावर किलोमीटर मधे,
आणि पाय घसरायची जागा एकच.

एका रात्री संच बसला.
भिंतीवरचे चव्वेचाळीस दिवे एकदम लाल.
बॉयलरवाले टर्बाइनवाल्यांवर, टर्बाइनवाले देवावर.
साहेब कानात बोटं घालून म्हणाले,
'ओरडतायत सगळे. आधी कोण पडलं?'
मग चार महिने बसून पत्र्याची एक पेटी केली.
रिले, डायोड, जळगावच्या रेडिओवाल्याकडचं काहीबाही.
संच पडला की ती पेटी पहिल्याचंच नाव धरून ठेवायची.
बाकी त्रेचाळिसांचं ऐकायचीच नाही.

रात्रपाळीत लॉगशीटच्या पाठीवर लिहीत.
खून, बेपत्ता माणसं, चंद्रावर अडकलेला एक कारकून,
हे त्यांनीच सांगितलेलं. मला ती लिपी म्हणजे
खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया.
दर बुधवारी पाकीट घेऊन सायकलवर भुसावळ,
फलाटावरच्या आरएमएसात टाकायचं.
एकदा धीर करून विचारलं, 'खुनी कोण, साहेब?'
'अजून माहीत नाही. पाकीट तर गेलं.
पुढच्या बुधवारी बघू.'

ते वारले हे मला सतरा महिन्यांनी कळलं.
पंधरा बंगल्यातल्या पेरुमाळ गार्डाच्या बाईंनी
पलंगाखालून जुन्या साप्ताहिकांचा गठ्ठा ओढला.
'हा? हा तर आमच्याकडे बाई म्हणून प्रसिद्ध.
लग्नाच्या मागण्या यायच्या म्हणे. तपती नाव.'
'तपती म्हणजे आमची तापी,' मी म्हटलं.
पंपहाऊसच्या पायरीवर चप्पल काढून
ते तासन्‌तास बसायचे, ती.
बाईंनी चष्मा काढला.
'नदी होय,' म्हणाल्या, 'इतकी वर्षं.'

मग एक गोष्ट वाचली, मला मराठीत सांगत सांगत.
त्यात एका कारखान्यात एक मदतनीस आहे,
त्याला तिसरा ळ येत नाही, सगळे त्याला हसतात.
पण मालकाचा खून कोणी केला
हे पहिल्यांदा त्यालाच उमगतं, कारण...
बाईंनी पान उलटलं.
पुढचा अंक गठ्ठ्यात नव्हता.

जुना संच आता भंगारात गेला.
पेटी मी मागून आणली. ओट्यावर असते,
कोणाचंच नाव न धरता.

रात्री खाटेवर कधी जीभ मागे नेतो,
कुठेच टेकवत नाही, जमेल तितका वेळ.
नातू विचारतो, 'आबा, काय म्हणताय?'
'केयं,' म्हणतो.