आवाज काढून दाखव

गड्ड्याचे पाळणे होम मैदानावर
अर्धे उभे, अर्धे अजून जमिनीवर पडलेले असतात
त्या आठवड्यात सोलापूरला थंडी येते.
आमची तिची फार ओळख नाही.
कानाला रुमाल, अंगावर चादर,
अचानक आलेल्या पाहुण्याकडे बघावं
तसं आम्ही तिच्याकडे बघत बसतो.

माझी इंडिका तर बेचाळीस डिग्रीत वाढलेली.
अकरा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलंच नाही.
पाच चाळीसला किल्ली फिरवली.
काही नाही.
पुन्हा फिरवली. काही नाही, म्हणजे
काहीतरी, पण त्याला नाव देता येईना.

मागच्या सीटवर बर्फाची पेटी, सुया,
लाल-जांभळ्या टोपणांच्या नळ्या.
कुंभारीत सात घरं रात्री आठपासून उपाशी आहेत,
चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवून
माझ्या हॉर्नची वाट बघत.
आठाच्या पुढं विड्या वळायला बसायचं असतं त्यांना.

अंबय्या मिस्त्रींना फोन लावला.
आधी खोकला आला, मग माणूस.
"चालू होईना, मिस्त्री."
"ते कळलं की, अक्का. म्हणतीय काय?
आवाज काढून दाखव."

अंगणात मी एकटी. समोर बिराजदार मास्तरांच्या
न्हाणीघरात बल्ब लागलेला.
ओढणी तोंडावर घेऊन म्हटलं, टक्. टक् टक्.
"मोठ्यानं. गाडी कुठं लाजतीय?"
"टक् टक् टक् टक्!"
मास्तरांचा बल्ब विझला.

"हां, बॅटरी. बॉनेट उघड.
तोंडावर पांढरं काय धरलंय का?"
धरलं होतं. मिठागरासारखं, कडेला हिरवट.
"काळी वायर आधी काढ. लावताना लाल आधी.
तांब्याभर गरम पाणी सोड, कोरडं पूस,
मग आवळ. डब्याच्या टोपणागत नको,
कुकरच्या झाकणागत."
माझ्या चहाचं पाणी बॅटरी प्याली.

"आता?"
"घर्र... घर्र... घ..."
"जीव आलाय, ऊब न्हाई. हीटर प्लग.
किल्ली अर्धीच फिरव. पिवळा वेटोळ्याचा दिवा लागला?
तो विझंपर्यंत गप बसायचं. असं तीनदा.
ॲक्सिलेटरवर पाय ठेवू नको,
दटावून ऐकणारी न्हाई ती."

मी गप बसले. दिवा पिवळा होता.
फोनमध्ये मिस्त्री खोकत होते.
दोन छोटे, कोरडे. मग एक लांब, ओढत नेलेला,
चढावर मध्येच अडकलेला.
दिवा विझला. परत लावला.
परत तसेच दोन छोटे, एक लांब.

"मिस्त्री, हे कधीपासून?"
"काय?"
"खोकला."
"थंडीचा हाय."
"थंडी परवा आली. दिवाळीला बेल्ट बदलला तेव्हाही होता.
आवाज काढून दाखवा."
"आं?"
"मोठ्यानं. लाजू नका."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग त्यांनी खोकून दाखवलं,
शाळेत कविता म्हणावी तसं, सरळ उभं राहून असणार.
तिसरा दिवा विझला. मी किल्ली पूर्ण फिरवली
आणि ती घर्र, घर्र करत, मधेच गुदमरत,
एकदम पेटली.
पांढरा धूर गल्लीभर. बेल्ट मांजरागत ओरडायला लागला.

"वरडू दे," मिस्त्री म्हणाले, "दोन मिनिटांत गप होईल.
न्हाई झाला तर आण इकडं."
"येतेच आहे. कुंभारीहून परतताना.
रक्त घेईन, आणि बेडक्यासाठी डबी देईन."
"चहा झालाय माझा. बिस्किटं पण."
"डबीला चालतं. रक्ताला उद्या येईन, उपाशी रहा."
"उद्या थंडी कमी हाय म्हणं, अक्का."

काचेवर आतून वाफ धरली होती.
मी खिडकी दोन बोटं खाली घेतली.
बेल्ट अजून ओरडत होता.