फक्त वाचण्यासाठी

दोन तिरक्या रेघा, मग त्याच्या कपाटावरच्या डब्याचं नाव.
नाव मीच ठेवलेलं: कोठार.
एंटर.
‘मार्ग सापडला नाही.’

धनकवडी ते कोंढवा. ट्रक आडवे नसले
तर स्कूटरवर पंचवीस मिनिटं.
तीन वर्षांत गेलो नाही.
भांडण साडेअकरा हजारांचं होतं,
बोललो त्याचा हिशोब कुणी मांडला नाही.

आज गोसावींच्या मुलीचा फोन.
‘माझ्या लग्नात बाबा चार शब्द बोलले होते.
आहेत का हो अजून?’
माझ्याकडे नाहीत.
कोठारात आहेत.

एक रेघ उलटी पडली होती. सुधारली.
पासवर्ड विचारला. बोटांना पाठ होता.
बदललाच असणार त्यानं,
मी तरी बदलला असता.

उघडलं.
डावीकडे झेड ड्राइव्ह मुकाट उगवला,
शेजारच्याच खोलीत असल्यासारखा.
आत ‘गोसावी हडपसार’.
माझी चूक, त्यानं तशीच ठेवलेली.

प्रोजेक्टवर दोनदा टिचकी.
‘ही फाइल अल्ताफ वापरत आहे.
फक्त वाचण्यासाठी उघडायची?’

रात्रीचे पावणेदोन.
म्हणजे तिनं त्यालाही फोन केला होता.
म्हणजे तिकडे डब्याचा हिरवा दिवा
आत्ता माझ्यामुळे लुकलुकतोय
आणि तो मान वर करून बघतोय, किंवा नाही.

हो म्हटलं.
हेडफोनमध्ये मांडवाचा गलका, माइकची खरखर,
बाबा घसा खाकरतात,
आणि त्यांच्याही आधी, अगदी कानाशी,
दबक्या आवाजात कुणीतरी:
‘दिग्या, हात हलवू नको रे.’