डब्यात ठेवलेली चिठ्ठी

तुम्ही कोण, मला ठाऊक नाही.
करार तुमचाही अकरा महिन्यांचाच असेल.
चिठ्ठी फ्रिजवर लावणार होते,
पण त्या दारावर चिकटपट्टी टिकत नाही,
रंग घेऊन खाली येते.
म्हणून तांदळाच्या या डब्यात. डबा घासलेला आहे.

आधी गॅस.
डाव्या बर्नरची आशा धरू नका.
उजवा पेटतो, लायटरने नाही, काडीने,
आणि बटण आत दाबून
मनात सातपर्यंत मोजायचं. पाचला सोडलंत तर विझतो.
मी सुरुवातीला पाचला सोडत असे.

मिक्सरचं झाकण माझ्या आधीच्यांनी नेलं
की त्यांच्याही आधीच्यांनी, यावर एकमत नाही.
ताटली धरा. आणि दाण्याचं कूट करायचं असेल
तर शेजारच्या रक्षाबेनना आधी सांगा,
त्यांच्या टीव्हीला मुंग्या येतात.
त्या रागावणार नाहीत. संध्याकाळी
हांडव्याचा तुकडा घेऊन दारात उभ्या राहतील
आणि विचारतील, "मशीन सारुं छे ने?"

फ्रिजचं जरा बसून सांगावं लागेल.

तो रात्री दोनला खोकतो.
पहिले आठ दिवस मी उठून बसायचे,
घरात कोणी आजारी आहे असं वाटून.
दूध मागच्या भिंतीला टेकलं तर गोठतं,
दारात ठेवलं तर नासतं.
मधल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीच्या डावीकडे,
चार बोटं जागा आहे. तिथे दूध दूध राहतं.
ती सापडेपर्यंत जानेवारी उजाडला.

घरमालक जयंतीभाई फोनवर म्हणतील, "एकदम नवुं छे."
वाद घालू नका. ते मुलाकडे परदेशात असतात
आणि त्यांनी तो खरंच नवाच पाहिला होता.

दुरुस्तीला मोहिते येतात, वारसियात दुकान आहे.
मराठी बोलतात, पणजोबांनी बरोबर आणलेली,
जागोजाग गुजरातीचे टाके घालून टिकवलेली.
"ताई, हा जुना नाय झाला. हा बुडेला आहे."
मागचा पत्रा काढून त्यांनी बोट फिरवलं.
बोटावर गाळ, सुकून पिठासारखा.
विश्वामित्रीचा.
या फतेगंजातल्या तळमजल्यावर
पुराचं पाणी साडेतीन दिवस होतं म्हणे,
भाजीच्या खणाच्या वरपर्यंत.
दाराच्या रबरापाशी नीट पाहिलंत
तर एक तपकिरी रेघ दिसेल.
ती मी ब्रशने, सोड्याने, लिंबाने घासून पाहिली.
लिंबू फुकट गेलं.

"गाळ काढू का?" मोहितेंनी विचारलं,
मग स्वतःच म्हणाले, "थोडा रहेवा द्या.
तारा त्यात बसल्यात आता. हलवलं तर बंद पडेल."
न केलेल्या कामाचे दीडशे घेतले.
मी दिले.

मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात प्रेशर गेज तपासते.
काटा केसभर हलला की लाल पट्टी, माल परत.
दिवसाला चाळीस-पन्नास.
मग घरी येऊन काडी ओढायची आणि सात मोजायचे.
पहिल्या महिन्यात याचं हसू यायचं.
नंतर लक्षात येईनासं झालं.

काल नवं घर पाहून आले, तिसरा मजला.
तिथला गॅस एका बोटात पेटला
आणि मी बटण दाबूनच उभी. पाच. सहा.
दलाल म्हणाला, "मॅडम, छोडो हवे."

ता. क.
वीज जाऊन परत आली तर प्लग लगेच लावू नका,
त्याला दम लागतो.
आणि ऑगस्टात गल्लीत माईकवरून गाडी फिरली
तर फ्रिज विटांवर चढवायचा.
विटा मागच्या दारामागे आहेत.
मोहिते म्हणाले होते, चार पुरे.
मी आठ आणून ठेवल्यात.