झाकणपट्टी

सहमच्या रस्त्यावर, टायरवाल्याच्या मागे आमचं गॅरेज.
पत्र्याखाली सकाळी आठलाच
पाना हातात धरवत नाही.
खलफानच्या पिकअपमधून उतरलं ते इंजिन,
सोहार बंदरातल्या फोर्कलिफ्टमधलं,
एकवीस वर्षं प्रोपेनवर जगलेलं.

म्हणाला, पेट्रोलवर आण याला,
विहिरीवर बसवायचंय.
गॅसवाला आता जुने सिलिंडर भरत नाही,
माझ्या वाडीपर्यंत तर गाडीच आणत नाही.

ऑइलची काडी ओढून पाहिली.
मधासारखं. इतकं वय,
आणि पोटात काजळीचा ठिपका नाही.
जन्मभर उपासाला बसलेलं इंजिन,
आता याला तळणातलं खायला घालायचं.

मिक्सर काढला, रेग्युलेटर काढला,
गरम पाण्याच्या दोन नळ्या
एकमेकींत जोडून दिल्या.
वास येईल म्हणून आधीच मान फिरवलेली –
तो नासक्या कांद्याचा वास, जो गॅसचा नसतोच,
आपल्याला कळावं म्हणून कुणीतरी मिसळलेला.
नव्हता. कधीचाच उडून गेलेला.

कार्बोरेटर बर्काच्या भंगारातून, एका टॅक्सीचा.
भोकं जुळेनात.
ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून मधला तुकडा घासला,
कानशीने, दोन दुपारी.

मग अडलं पंपावर.
गॅस स्वतःच्या दाबाने येतो,
पेट्रोलला कुणीतरी ओढावं लागतं.
ब्लॉकच्या बगलेवरून हात फिरवत गेलो,
ग्रीस, रेती, तीनदा थापलेला पिवळा रंग,
आणि बोटाला लागली
दोन बोल्टांची एक झाकणपट्टी.

तिच्यामागे जागा होती.
पंपाच्या दांडीपुरती, तासलेली, लखलखीत.
दिल्शानला पुली फिरवायला सांगितली,
तर आत कॅमचा उंचवटा वर आला, खाली गेला.
एकवीस वर्षं असाच आला-गेला असणार,
कुणालाच न ढकलता.

मी तिथेच खाली बसलो.
दिल्शानला वाटलं, ऊन लागलं.
पाणी आणलं त्याने.

सातव्या झटक्याला सुरू झालं
आणि ठोकायला लागलं,
डब्यात खडे घालून हलवावेत तसं.
जुनी सवय. ठिणगी फार आधी पडत होती.
डिस्ट्रिब्यूटर सैल करून केसभर फिरवला.
अजून केसभर.
कळेना, तेव्हा दापोलीला फोन लावला, परकारचाचांना,
ज्यांनी मला याच पत्र्याखाली काम शिकवलं
आणि कान इथेच ठेवून घरी गेले.
हॅलो तीनदा ओरडलो. कोण, कोण, म्हणत राहिले.
शेवटी फोनच इंजिनाजवळ धरला.

थोडा वेळ काही नाही.
मग आवाज आला, स्पष्ट:
"अजून मागे घे. घाई करतंय ते.
आणि पेट्रोल पंच्याण्णवच घाल, पैसे वाचवू नको."
मागे घेतलं. ठोका गेला.
सांगायला फोन कानाला लावला, तर
कोण बोलतंय, म्हणाले.

गुरुवारी वाडीत बसवलं.
पाइप दोनदा खोकला, तिसऱ्यांदा पाणी आलं.
खलफानने ओंजळ तोंडाला लावली.
थुंकला नाही, गिळलंही नाही लगेच.
गेल्या वर्षापेक्षा खारट, म्हणाला.
लिंबं तर गेलीच. खजूर पितो असलं.
आणि पाट फोडून
पहिलं पाणी कडेच्या म्हाताऱ्या झाडाकडे वळवलं,
ज्याला आता घोस लागत नाहीत.

मी टायमिंगचा दिवा गुंडाळला.
इंजिन चालत होतं. धूर थोडा काळा,
उपास सुटल्याचा.

झाकणपट्टी माझ्या पेटीत आहे, दोन्ही बोल्टांसकट.
बिलात लिहिली नाही.
दिल्शान विचारतो, टाकू का ही?
राहू दे, म्हणतो. जागा खात नाही.