फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी

सुभान, मी गुरुवारी येते.
तोवर भुसावळचा पारा सेहेचाळीसला टेकेल,
आणि मागच्या खोलीत, काचपेटीत,
बोटाच्या पेराएवढे पाच जण
पंचवीस अंशांतच जगायचा हट्ट धरून बसलेत.

कूलरची वाळ्याची ताटी सुकू देऊ नकोस.
लाईट गेली तर पेटीवर माठाचं ओलं फडकं.
वाटीत पाणी ठेवू नको, वाटी त्यांना कळत नाही.
पानांवर बारीक फवारा मार आणि थांब:
आधी एक डोळा फिरतो, मग दुसरा,
मग कुठे थेंबाकडे मान.

सावद्याच्या वखारीतली काळी केळी बरणीत आहेत.
वास सोस. त्यातली चिलटं हेच जेवण,
कॅल्शियमच्या पुडीत घोळवून.

उचलू नकोस. बोटांत थरथर येईल
सायलेंटवरच्या फोनसारखी.
ती लाडाची नसते.

रंग बदलला का, रोज विचारतोस.
हे नाही बदलत फारसे. तपकिरीच.
रात्री झोपेत जरा फिके पडतात,
तेव्हा टॉर्च मारू नको.

डोळे आत गेलेले दिसले तर फोन कर,
कितीही वाजलेले असोत.
पार्सल ऑफिसात आपण डबा उघडला तेव्हा
मी अकरा मोजले, तू म्हणालास, पाला आहे नुसता.
सहा जण खरंच
पाल्याएवढ्याच वजनाचे निघाले.

थोरलीने कोपऱ्यात माती उकरलीय.
अंडी असतील, दोन. तिकडे बोट घालू नको.
आणि ओट्यावर दूधवाल्याचे चाळीस ठेवलेत,
सुट्टे.