अर्धा फा

त्रेपन्नाव्या वर्षी मला कळलं
की माझ्या डाव्या हाताची तर्जनी
कधी नीट सरळ झालीच नव्हती.
अठराची असताना शिंपले उघडायच्या सुरीनं
तिचं मधलं पेर कापलं होतं;
मुकादमानं चिंधी गुंडाळली, म्हणाला,
शिफ्ट संपायला दोनच तास राहिलेत.
तेव्हापासून ती जरा वाकूनच आहे,
प्रार्थनेला उशिरा पोचलेल्या बाईसारखी.

शिंपल्यांना सरळ बोट लागत नाही.
गिटारला लागतं.

मुलीनं सान्तियागोहून फोनवर विचारलं,
आई, आता कशाला?
मला सांगता आलं नाही.
मांडीवर असं काहीतरी हवं होतं
जे सोलायचं नाही,
एवढंच.

बुधवारी आम्ही डाल्काउएच्या अग्निशमन केंद्रात जमतो.
लाल गाडी बाहेर पावसात काढतात,
तिच्या जागेवर सहा खुर्च्या.
डिझेलचा वास, खुंट्यांवर ओळीनं हेल्मेटं,
कोपऱ्यात लाकडाची शेगडी, तिच्यावर कुणाचे तरी मोजे.
फेरीवर तिकिटं फाडणारा उलिसेस रेमोल्कोय,
त्याला ताल सापडत नाही आणि तो तालाला सोडतही नाही.
दंतवैद्याकडची मारुखा,
नखं कापायला लागली त्या दिवशी रडलेली.
निवृत्त हवालदार पेरान्सूर,
चुकला की मोठ्यानं म्हणतो, हजर!
शिकवणारं असं कुणी नाही.
ज्याला जे जमलं ते तो शेजाऱ्याला देतो
उसन्या साखरेसारखं,
घेतली त्याहून वाटी थोडी भरून.

पहिले दोन महिने तारांनी बोटांत चर पाडले
आणि दिवसभर कारखान्यातलं खारं पाणी त्याच चरांत शिरलं.
जखमेवर मीठ म्हणजे काय
हे मला म्हणीतून शिकावं लागलं नाही.
मग घट्टे पडले. ला मायनर आला.
दो आला, सोल आला रखडत,
फा काही येईना.
फा म्हणजे एका बोटानं सहाही तारा दाबायच्या,
दाराला आडणा घालावा तशा.
माझा आडणा मधेच वाकलेला.
तारा म्हणायच्या टक्, टक्,
कुणीतरी दार वाजवून पळून जावं तसं.

गाणं तिथं आलं की सगळे माझ्यासाठी थांबायचे.
कुणी काही बोलायचं नाही.
पेरान्सूर तर मुद्दाम खोकायचा,
थांबलोय ते खोकल्यामुळे, असं दाखवायला.
अकरा बुधवार मी तो खोकला ऐकला.
बाराव्याला गिटार तिथंच भिंतीला टेकवली,
म्हटलं, कुणाला हवी तर द्या,
आणि दोन आठवडे फिरकले नाही.

तिसऱ्या सोमवारी फेरीवर
उलिसेसनं माझं तिकीट फाडलं नाही,
उलटं करून हातात दिलं.
मागे पेनानं सहा रेघा, तीन ठिपके.
'मधल्या तीनच तारा दाब, तेवढ्याच छेड,
बाकीच्यांना हात लावू नकोस.
मी वर्षभर असाच फा वाजवतोय.
कुणाला पत्ता लागलाय?'
आणि पुढच्या माणसाकडे वळला,
सुटे पैसे मागत.

घरी लाटण्यावर करून पाहिलं.
अनामिका इथं, मधलं बोट तिथं,
आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर,
टोकावर उभी,
मधल्या पेरात वाकलेली.
वाकलेलीच लागते.
मी बराच वेळ लाटणं धरून बसले.
तव्यावरची भाकरी करपली.

बुधवारी गिटार तिथंच होती, भिंतीला टेकून.
तिच्या तारा कुणीतरी बदलल्या होत्या;
कुणी, ते अजून कुणी कबूल करत नाही.
फा आला.
पेरान्सूर सवयीनं खोकला
आणि गाणं त्याला मागे टाकून पुढे गेलं.
त्याला पळत गाठावं लागलं.

परवा मारुखानं विचारलं, कसं करतेस?
मी तिकिटाच्या मागे रेघा काढल्या, ठिपके दिले,
बाजूला लिहिलं: बोट वाकडं ठेव.
तिचं बोट सरळ आहे, सुरेख,
टोकावर उभं राहतच नाही.
वेळ लागेल तिला.

तोवर मला थोडा खोकला झालाय.