सरळ फुटवा

कर्णिकांची इरा बाराव्या मजल्यावरून
मोडका बाण घेऊन खाली आली.
काळा, कार्बनचा. तेराशेचा होता म्हणाली.
लाकडाचा करता येतो का, काका?

मी कोयनेलचं कुंपण छाटत होतो.
कुंपणामागे भिंत,
भिंतीमागे येऊर.

येतो करता. पण आधी काडी ओळखता आली पाहिजे.
बा म्हणायचा, झुडपाच्या तोंडाकडे बघू नको,
पायाशी बस.

कारवी उंच दिसते, भुलवते.
वाकव, टचकन मोडेल. आत भेंड.
कुडाच्या भिंतीला चांगली; आमचं घर तिचंच होतं.
दिंडा नकोच, पाण्यानं फुगलेला.
निरगुडीची कोवळी काडी बोटांत फिरव, कडा लागतात.
बोटाला जे टोचतं ते हवेतही टोचतं.
आणि धामणीला बाणासाठी मागू नये,
ती धनुष्याला दिलेली.

मग मुरडशेंग.
शेंग बघून हसशील, दोरीसारखा पीळ.
आमच्या पोटात कळ आली की आई हीच उगाळायची.
असल्या वाकड्या लेकरांची आई
इतकी सरळ?
असते.
त्यातही वणव्यानंतर बुंध्यातून आलेला फुटवा,
भावंडांच्या दाटीत उन्हासाठी धावलेला,
करंगळीएवढा, दोन पावसाळे खाल्लेला,
तो.
कडेला एकटा वाढलेला नको,
त्याला इकडेतिकडे बघायची सवय असते.

थंडीत, पान गळल्यावर काढायचा.
साल सोलायची, फेकायची नाही, दोर होतो.
चुलीवरच्या धुरात महिनाभर टांगायचा,
निखाऱ्यावर शेकून गुडघ्यावर दाबायचा,
एक डोळा मिटून बघायचा,
पुन्हा शेकायचा.
बुंध्याकडचं टोक पुढे, शेंड्याकडे घारीचं पीस.

बाच्या बाणानं शेवटचा ससा कधी पडला
मला आठवत नाही.
जंगलखात्याच्या साहेबानं धनुष्य नेलं ते आठवतं.
पावती दिली नव्हती.

मग चला ना, इरा म्हणाली, एक आणू.
भिंतीपलीकडचं आता तोडायचं नाही गं.
ओळखायचं?
ओळखायला कोण अडवतंय.

रविवारी गेलो. फाटकावर नाव लिहून, रीतसर.
डोळे मिटून तिनं झुडपं चाचपली,
बुंध्यापासून वर, मी सांगितलं तसं.
ही नाही. ही नाही. ही पण नाही.
मग बराच वेळ थांबून, ही!
घाणेरी होती. अंगठ्यात काटा गेला.
मी काढला. रडली नाही,
उलट विचारलं, हिचा का नाही होत?
बाला मी हे कधी विचारलं नव्हतं.

सोमवारपासून कुंपणात एक काडी मी सोडतो.
कात्री तिच्याजवळ आली की वळते.
सेक्रेटरी तावडे गॅलरीतून ओरडतात,
अहो वरठा, ती एक वर का राहिली?

राहू दे साहेब.
दोन पावसाळे.